गाळलेलं पाणी कुठं गेलं, बाई?

बाई, लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी मी माझी वेणी जाळं रंगवायच्या काढ्यात बुडवली होती. आपण जाळ्याला देतो तशीच, नीट. आधी एक बुडवणी, मग तलावाच्या पाळीवर उन्हात वाळवण, मग दुसरी बुडवणी. सुती जाळं असं केलं की पाण्यात कुजत नाही. वेणी अशी केल्यावर काय होतं ते तोवर कुणी करून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. मी चांद्याची, परकोटाच्या आतली, वर चौथी पास. एवढी अक्कल आपल्या गावात दुसऱ्या कुणाजवळ असणार?

तुला हे नव्यानं सांगायची गरज नाही. ती वेणी तुझ्याच हातांनी सुटली. पण तुझी तेरवी व्हायची आहे, घर पाहुण्यांनी भरलं आहे, जो तो ओसरीत बसून तुझ्या जटेच्या गोष्टी सांगतो आहे, आणि एकाही गोष्टीत मी नाही. हे मला सहन होत नाही.

जित्तेपणी तुला कधी 'तू' म्हटलं नाही. नवऱ्याची थोरली बहीण तू, तेव्हा 'बाई' आणि 'तुमी जी'. आता म्हणते. वाईट वाटलं तर उठून बोल. तुझा काही भरवसा नाही. तुला नेताना मी दोनदा तोंडावरचं कापड सरकवून पाहिलं. बायांना वाटलं, म्हातारीला दुःख आवरेना. मला फक्त खात्री करून घ्यायची होती.

मी आले तेव्हा तू घरात होतीसच. सिंदेवाहीपलीकडच्या गावी दिलेली, नवरा तापानं गेला, तशी बापाकडे परत आलेली. येताना एक पितळी गडू, एक बकरी आणि डाव्या कानामागून निघून कमरेपर्यंत लोंबणारी तांबूस जट, एवढं घेऊन आलीस. लोक म्हणाले, मातामाय बसली हिच्यावर. मी म्हटलं, नवऱ्याच्या आजारपणात बाईनं महिनोन् महिने डोक्याला फणी लावली नाही, की जट बसते. हे मी मनात म्हटलं. सासरी पहिल्या वर्षी सगळं मनातच म्हणायचं असतं.

जट आली की ती बाई देवीची. तिला कात्री लागत नाही आणि तिचा पाटही लावता येत नाही. आपल्यात विधवेचा पाट लावून दुसरं घर करून देतात, त्यात काही कमीपणा नाही. पण देवीच्या बाईला कोण नेणार? आणि वर ती दुसरी समजूत. जट तांबडी आहे तोवर मातामाय बसून आहे. पांढरी पडली की माय उठून गेली, बाई मोकळी झाली. ही समजूत आपल्या गावात तू यायच्या आधी होती, असं सांगणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, बाई. मी पुष्कळांना विचारलं.

तुझा तो चुलत दीर मात्र तुला न्यायला टपून होता. बायको मेलेली, पोरं लहान, धानाची शेती, हाताखाली राबायला बाई हवी. सिंदेवाहीच्या बाजाराला आला की आपल्या ओसरीत येऊन बसायचा. पहिली बायको कशानं मेली ते दरवेळी वेगळं सांगायचा. एकदा ताप, एकदा साप. तो बोलत असला की तू आत कोठीच्या अंधारात उभी राहून ऐकायचीस, आणि तुझ्या हातातलं सूप हलायचं नाही. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

मामंजी काय म्हणायचे, तेही ऐकलं होतं. "जट लाल हाये तवर पोरगी मातामायची. पांढरी झाली त घेऊन जाजो, गा. मी आडवा येनार नाई."

म्हणजे तुझं सगळं त्या रंगावर होतं. बापाच्या घरातली जागा, चुलीजवळचा कोपरा, रात्रीची झोप. आणि मला तू घरात नको होतीस.

आता यात लपवायचं काय? कोठीची किल्ली तुझ्या कमरेला. तांदूळ तू मोजून देणार. मी मासोळी चिरली की "चांद्यात मासोळीले डोकं नसते का वं?" असं सगळ्यांसमोर विचारणार. माझं नाव सुंदर होतं, ते तू एकदाही घेतलं नाहीस. चांदेवाली. नाहीतर चौथी पास. "चौथी पास, जरा पानी आन." "चौथी पास, चूल धुपून राह्यली." मी रात्री नवऱ्याच्या कानाशी कुरकुर केली की तो म्हणे, "बाई हाये ते, तिले का म्हनू मी?" आणि कूस बदले.

मग मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले. काय सांगू, माझ्यासारखी गुप्तहेर सरकारला मिळाली असती तर राज्य बुडालं असतं. मला तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्हींचा अर्थ मी उलटा लावला.

पहिली, तुझे तळहात. नेहमी तांबडे. विधवेचे तळहात तांबडे कसे? तर जाळ्यांचा काढा तू उकळायचीस. ऐनाची साल जंगलातून आणून, ठेचून, मोठ्या मडक्यात दिवसभर रटरटत ठेवायची. गावात हे काम पुरुष करत. आपल्या घरी मात्र "राहू दे गा, मी करतो," म्हणून तू पुढे. एवढा उत्साह कशासाठी? मी म्हटलं, सापडलं! बाई जाळ्याच्या काढ्यात जट बुडवते.

दुसरी, तुझी बकरी. सारं गाव बकऱ्या जंगलाच्या अंगाला नेई, तू तलावाच्या पाळीवरच्या सरकारी बंगल्याकडे नेत होतीस. त्या बंगल्याला मेंदीचं कुंपण होतं. बकरी मेंदीला तोंड लावत नाही, हे चांद्याच्या चौथी पासला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिकडे गवत बरं असेल.

तिसरी, वास. तुझ्याजवळून गेलं की ओल्या पाल्यासारखा, पावसात भिजलेल्या गंजीसारखा वास यायचा. मी म्हटलं, अंघोळ बरोबर करत नाही.

धानकापणी संपली आणि तो दीर निरोप देऊन बसला की येत्या बाजाराच्या दिवशी येतो, दोन शहाणी माणसं घेऊन येतो, जट डोळ्यांनी पाहतो. कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की जटेचं मूळ पांढरं दिसायला लागलं आहे. कुणी सांगितलं, असं तू मला पुढे कितीदा तरी आडून आडून विचारलंस. मी नव्हते, बाई. माझ्यावर बाकी काहीही घे, हे घेऊ नको. मी माझ्या बुद्धीनं काम करणारी होते. चहाड्या करून नाही.

माझा बेत असा होता. काढ्यात माझीच वेणी रंगवायची. तुझ्या जटेसारखी तांबडी करायची. पाहुणे बसले की पदर मागे टाकून उभं राहायचं आणि म्हणायचं, "पाहा, मातामाय मडक्यात राहते." भाषण तयार होतं. पाठ केलं होतं.

तू बकरी घेऊन गेलीस आणि मी काढा ओतून घेतला. मडकं जड, उचलवेना, म्हणून लोखंडी कढईत. झालं. ऐनाचा काढा लोखंडात गेला की शाईसारखा काळा पडतो, म्हणूनच जाळ्याचा काढा मडक्यात करतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला कोण सांगणार? वेणी घट्ट घालून, न सोडता, बुडवली. वाळवली. पुन्हा बुडवली. दुसऱ्यांदा वाळली तेव्हा माझ्या पाठीवर काळी, कडक, एका अंगाला वाकलेली एक काठी होती. मान हलवली की ती मागून हलायची, पण जरा उशिरानं.

आणि त्याच वेळी पाहुणे आले. बाजार लवकर आटोपला म्हणे.

मी डोक्यावरून पदर घट्ट ओढून चुलीमागे बसले होते. तू अजून यायची होतीस. ओसरीतून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, पानी आन वं पाहुन्यायले!"

नेलं. खाली वाकून लोटा ठेवला. वेणी पदरातून सुटली, पुढे आली आणि लोट्यावर आपटली. टण् असा आवाज झाला, बाई. केसांचा असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

तुझा दीर मागे सरकला. "हे का होय?"

मामंजी म्हणाले, "सूनबाई, डोक्याले का झालं तुह्या?"

माझं भाषण सगळं गेलं. आणि दारात तू. बकरीचा दोर अजून हातात होता. तू आलीस, माझी वेणी उचललीस, चिमटीत धरून पाहिलीस, नाकाशी नेलीस. काढ्याचा वास तुझ्यापेक्षा जास्त कोण ओळखणार? मग तू माझ्याकडे पाहिलंस. किती वर्षं झाली, ती नजर मी अजून उलगडते आहे. तुला त्या क्षणी सगळं समजलं होतं का? मी काय करायला गेले, कुणासाठी गेले, माझ्या तोंडात कोणतं वाक्य होतं? की तुला फक्त एक मूर्ख पोरगी दिसली?

तू दोर टाकलास आणि हात जोडलेस.

"बा, उभा राह्य. मातामाय आली."

"कोनावर?"

"सूनबाईवर. हे पाहा, जट धरली पोरीनं. सकाळी साधी वेनी होती का नाई वं, चांदेवाली?"

"होती," मी म्हटलं. त्या दिवशी मी बोललेली तेवढीच खरी गोष्ट.

तू माझ्या कपाळभर कुंकू फासलंस आणि फासता फासता कानात म्हणालीस, "घूम."

"का?"

"घूम म्हनलं ना! नाईत सारं सांगीन."

सारं म्हणजे काय, हे विचारायला वेळ नव्हता. मी घुमले. चांद्याला असताना शेजारच्या म्हातारीच्या अंगात यायचं, ते आठवून घुमले. आधी मान हलवली, मग खांदे, मग ती काठी आपोआप गरगरायला लागली. पाहुण्यांतला एक उठून अंगणात गेला. मामंजींनी लोटांगण घातलं. सासरा पायाशी पडला आहे, नणंद उदबत्ती शोधते आहे आणि आपण हसू दाबून घुमतो आहोत, असं कुणाच्या नशिबी येऊ नये. आलं तर मात्र मजा येते, हेही खरं.

मग तुझा दीर पुढे आला. हात जोडलेले, पण डोळे माझ्या वेणीवर. तो संशयी होता, तेवढा एक गुण आमच्यात सारखा. म्हणाला, "माय, आमचं काई चुकलं का?"

आणि मी विचारलं, "पयली कशानं मेली?"

हे मी तुला वाचवायला विचारलं, असं तू समजू नकोस. गाव तसं समजतं, समजू दे. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. किती दिवस मनात होतं ते. ताप की साप, एक काहीतरी सांग ना बाबा. घुमणाऱ्या बाईला काहीही विचारता येतं, ही सोय लक्षात आली आणि मी विचारलं.

मी घुमतच होते, डोळे किलकिले करून पाहत होते. त्याचं तोंड आधी पांढरं झालं, मग त्यानं खाली पाहिलं, स्वतःच्या हातांकडे. ताप असता तर माणूस ताप म्हणाला असता. साप असता तर साप. तो हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

मला घुमता येईना. माझी मान आपोआप थांबली. तू जवळ होतीस, आणि तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी फुटली.

लोट्यातलं पाणी तसंच राहिलं. ते लोक निघून गेले. मामंजींनी पाटाचं नाव त्यानंतर काढलं नाही. जेवताना एकदा फक्त म्हणाले, "दोन देव्या झाल्या घरात. आता भांडन नोका करू वं, मले भेव वाटते." आणि माझा नवरा! तलावावरून आला, बातमी ऐकली आणि ओसरीत अंथरूण टाकून झोपला. देवीच्या बाईजवळ कसा येणार? कितीतरी दिवस माझ्याशी 'जी' लावून बोलत होता.

दुसऱ्या दिवसापासून तू ती वेणी सोडवायला बसलीस. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल कोमट करून चोळायचं, तांदळाच्या धुवणानं धुवायचं, एक एक केस सुटा करायचा. दुपारचं ऊन अंगणात, पुरुष तलावावर, मी पुढे, तू मागे. मी वाट पाहत होते की आता बोलशील, आता शिव्या देशील. तू गुणगुणत होतीस. गावाला तू सांगितलंस की मातामाय पाहुणी म्हणून आली होती, गेली. देवीची ये-जा तुझ्याच हातात होती, दुसरं काय.

आणि मग, सगळे केस सुटल्यावर, तू माझ्यासमोर चिमूट धरलीस. "हे पाहा वं, चौथी पास. पांढरा केस. एवढ्या वयात!"

चिमटीत खरंच एक पांढरा केस होता.

"काढ्यानं झालं असंन," तू म्हणालीस. "मेंदी लावा लागते आता तुले. महिन्याच्या महिन्याले."

मी घाबरले, बाई. विशीही न ओलांडलेली मी. रडले. तू बंगल्याच्या कुंपणाचा पाला ओंजळ ओंजळ आणलास, भर अंगणात पाट्यावर वाटायला बसलीस. कुणी विचारलं की म्हणायचीस, "सूनबाईच्या डोक्याले लावतो ना, सवाष्ण हाये." तुझे हात कोपरापर्यंत लाल झाले आणि कुणी वर पाहिलं नाही.

तो केस माझा होता का गं? मला पुढे कितीतरी वर्षं दुसरा पांढरा केस आला नाही. काळ्या केसांवर मेंदी चढत नाही, नुसती उन्हात तांबूस झाक मारते. तो केस लांब होता, जाड होता, आणि जरा वळलेला होता. मी हे तुला विचारलं, तू म्हणालीस, "पांढऱ्या केसाले नाव लिहिलं असते का?"

तुझी मेंदी लावायची रीतही मला संशयास्पद वाटे. डोक्याला मेंदी लावणाऱ्या बाया पाला वाटतात, थापतात, झालं. तू पाला पाण्यात भिजवायचीस, मुरवायचीस, फडक्यातून पिळून गाळायचीस, आणि गाळ माझ्या डोक्यावर थापायचीस. मग गाळलेलं पाणी कुठं गेलं, बाई? ते लालजर्द, दाट पाणी? मी डोक्याला फडकं बांधून वळेपर्यंत भांडं गायब. एकदा मी विचारलंच. तू म्हणालीस, "वांग्याले टाकलं." मी वांग्याची झाडं पाहिली. कोरडी होती.

उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सुचलं, स्वतःच्या नातीच्या केसांत गुंता झाला तेव्हा. जटेला पाला थापला तर तो आत अडकतो, निघत नाही, कुजतो, वास मारतो. जटेला नुसतं गाळलेलं पाणी द्यायचं असतं. एकदा मुरवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा मुरवायचं. जाळ्यासारख्या दोन बुडवण्या. म्हणजे माझी रीत बरोबर होती बघ. तेवढी तरी दाद द्यायचीस.

दोघी खऱ्याच पिकलो, तरी हे चाललं. चांद्याला लोक चंद्रपूर म्हणायला लागले, माझी आठवी-दहावी पास नातवंडं झाली, जाळी नायलॉनची आली आणि काढ्याची मडकी फुटून गेली. मेंदी चालूच. माझा नवरा गेला तेव्हा बाया म्हणाल्या, आता हिची मेंदी बंद. तू म्हणालीस, "डोकं दुखते तिचं, थंडावा पायजे." त्या दिवसापासून माझं डोकं दुखायला लागलं. म्हणजे तूच दुखायला लावलंस.

पण एक लिहिते. नवरा गेला त्या वर्षी माझ्या अंगाला कुणी हात लावत नव्हतं. पोरं पाया पडत, तेवढंच. महिन्यातून एकदा तुझी बोटं माझ्या डोक्यात फिरायची, कानामागे, मानेवर, सावकाश. मी तेव्हाही संशय घ्यायचे की ही माझ्यासाठी करते की गाळलेल्या पाण्यासाठी. आणि तरी पुढच्या महिन्याची वाट पाहायचे. तुला काय हवं होतं ते तुझं तू जाणे. मला ती बोटं हवी होती.

शेवटी तू अंथरुणाला लागलीस. हात थरथरायला लागले. जटेचं मूळ पांढरं झालं, आधी जरासं, मग बोटभर, मग चांगलं दिसण्यासारखं. भेटायला येणाऱ्या बाया तुझ्या तोंडाआधी जट पाहत. बाहेर जाऊन कुजबुजत. तुला ते दिसत होतं. एवढ्या म्हातारपणी तुला कोण कुठं नेणार होतं? पण तू पदर कानावर ओढून भिंतीकडे तोंड करायचीस, जशी पूर्वी कोठीच्या अंधारात उभी राहायचीस.

पाट्यावर पाला वाटला. माझे खांदे दुखतात, तरी वाटला. भिजवला, मुरवला, फडक्यातून गाळला. गाळ फेकून दिला आणि पाणी घेऊन तुझ्या मागे बसले. तुझ्या जटेला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात लावला. किती हलकी होती, बाई. मला वाटलं होतं, जड असेल.

तू डोळे मिटून होतीस. पहिली बुडवणी झाली, दाराशी उन्हात वाळवली, दुसरी दिली. तेव्हा तू बोललीस. आणि मी ऐकू न आल्यासारखं केलं. माझे कान चांगले आहेत, हे तुला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे.

तुला नेलं तेव्हा जट खांद्यावर होती, लालभडक. सारं गाव म्हणालं, मातामाय शेवटपर्यंत बसून होती. नातसून माझे हात पाहत होती. स्मशानातून परत आल्यावर पाणी देताना म्हणाली, "आजी, हात काऊन लाल जी तुमचे?"

मी म्हटलं, "जाळं रंगवलं."

"कोनतं जाळं? आपले त नायलॉनचे हायेत सारे."

"जुनं होतं एक."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला ती नजर ओळखीची वाटली. मी तशीच पाहायचे. या पोरीवर लक्ष ठेवलं पाहिजे.

आता हे लिहिलं म्हणजे सगळ्यांना कळेल. कळू दे. पाट लावायला तू कुणाच्या हाती लागत नाहीस.

राहिलं तुझं ते शेवटचं. मी उत्तर आधी लिहिते. पाहुणे यायच्या आधी, सकाळी, माझी वेणी वाळत होती तेव्हा, विचारलं असतंस तर हो. नक्की हो. तुझी किल्ली काढून घेऊन, बकरीसकट. आणि तो माणूस हात पाठीमागे घेऊन उभा राहिल्यानंतर विचारलं असतंस, तर नाही. कोणी कितीही सांगितलं असतं तरी नाही. दोन्ही एकाच दिवसाची उत्तरं आहेत आणि दोन्ही माझी आहेत. तुला कोणतं हवं होतं ते मला कळलं नाही, म्हणून मी गप्प बसले. तुझ्या जटेतून लाल पाणी माझ्या मनगटावर ओघळत होतं, आणि तू डोळे न उघडता म्हणालीस:

"संशय खरा होता तुया, चांदेवाली. भांडं चुकलं. माह्यं भांडं चुलीमांगं होतं, सुपाखाली. ते सापडलं असतं, त मले घरातून काढून देलं असतं का वं तू?"